आपल्या मीटर रूमचा इतिहास

स्मरणिकेच्या बैठकीत कामं वाटली गेली तेव्हा कुणाच्या वाट्याला गणेशोत्सव आला, कुणाच्या वाट्याला बाग, कुणाला पाण्याच्या टाकीचा इतिहास मिळाला. माझ्याकडे बघून संपादक मंडळातल्या ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही लाइटचं लिहा. तुम्हाला त्यातलं कळतं." त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं. पण ज्यांना 2011 चा गणपती आठवतो त्यांच्यापैकी दोघं जण तेवढा वेळ मान खाली घालून चहा ढवळत बसले, हेही मी पाहिलं. म्हणून म्हटलं, लिहायचं तर सगळंच लिहू.

आपली सोसायटी 2000 साली नोंदली गेली. त्याआधी काही महिने आम्ही पाच-सहा कुटुंबं राहायला आलो होतो. नवापूर रोडला तेव्हा एवढ्या इमारती नव्हत्या. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की खाऱ्या हवेबरोबर सुक्या बोंबलाचा वास थेट जिन्यात यायचा. इमारतीला बिल्डरचं तात्पुरतं कनेक्शन होतं. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बल्ब लावला तर त्याचा उजेड पिकलेल्या चिकूच्या गरासारखा, तांबूस. ट्यूबलाइट तर लुकलुक करत राहायची, पेटायचीच नाही. स्टार्टर काढून पुन्हा बसवायचा, मग फिरवायचा, मग ट्यूबला टिचकी मारायची, असे सगळे उपाय करून शेवटी बल्बखाली जेवायला बसायचं. पंख्याची पाती मोजता यायची.

तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असायचं. "अणुशक्ती केंद्र उशाला आणि आपल्याकडे व्होल्टेज नाही!"

वाक्य खोटं नव्हतं. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्या तारापूरला 1969 मध्ये सुरू झालं. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, प्रत्येकी 210 मेगावॅटच्या. पुढे त्यांची क्षमता 160 मेगावॅटवर आणली गेली. 2005 आणि 2006 मध्ये त्यांच्या शेजारी आपल्या लोकांनी बांधलेल्या प्रत्येकी 540 मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. त्या गावांतली माणसं आजही आपल्या बाजारात भेटतात. वर डहाणूला 1995 पासून 500 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. म्हणजे दोन्हीकडे वीज तयार होते आणि मधे आपण हातपंखा घेऊन बसलेलो.

पण यात एक घोटाळा आहे आणि तो समजायला मला स्वतःला, एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटच्या कामात आयुष्य काढूनही, वेळ लागला. मुंबई-अहमदाबाद हायवे आपल्या तालुक्यातून जातो, पण चिल्हार फाट्याला वळल्याशिवाय त्या हायवेवरून बोईसरला येता येत नाही. विजेचं तसंच आहे. तारापूरहून निघणारी वीज 220 केव्हीच्या मोठ्या लाइनीवर चढते ती थेट राज्याच्या, पश्चिम विभागाच्या जाळ्यात जाते. आपल्या घरात येते ती सबस्टेशनला उतरून, मग 11 केव्हीच्या लाइनीवरून, मग कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून. आपलं व्होल्टेज ठरतं ते त्या शेवटच्या ट्रान्सफॉर्मरवर किती घरं आहेत, तारा किती जाड आणि किती लांब आहेत यावर. अणुभट्टी किती जवळ आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

1956 च्या भारतीय वीज नियमांत घरगुती व्होल्टेजला वरखाली सहा टक्के एवढीच सूट होती. 230 चा हिशेब धरला तर साधारण 216 ते 244. माझ्याकडे कंपनीतून निकालात काढलेला एक काट्याचा व्होल्टमीटर होता, तो मी हॉलमध्ये घड्याळाशेजारी टांगला होता. पहिल्या दोन उन्हाळ्यांत संध्याकाळी सात ते दहा काटा 170 च्या आसपास असायचा. रात्री साडेअकरानंतर सगळे झोपले की तोच 250 वर. पाहुणे आले की आधी वेळ बघायचे, मग व्होल्टेज.

मग आला स्टॅबिलायझरचा जमाना. फ्रिजला एक, टीव्हीला एक, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आला त्यांना यूपीएस. स्टॅबिलायझरच्या आत एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन-तीन रिले असतात. व्होल्टेज पडलं की रिले टकटक करत पुढच्या टॅपिंगवर जातो आणि आत 170 आलं तरी बाहेर 200-210 देतो. दुपारच्या शांततेत आपल्या ए विंगच्या जिन्यात उभं राहिलं की घराघरातून टक, टक, टक ऐकू यायचं, जणू प्रत्येक घरात एकेक पाल बसली आहे.

यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, एक आहे. स्टॅबिलायझर व्होल्टेज हवेतून आणत नाही. फ्रिजला वाढीव व्होल्टेज द्यायचं तर तो तारेतून जास्त करंट ओढतो. जास्त करंट ओढला की तार आणखी व्होल्टेज खाते आणि शेजाऱ्याकडे आणखी कमी पोचतं. मग शेजारीही स्टॅबिलायझर घेतो. दोन वर्षांत आपल्या बहुतेक सगळ्या फ्लॅटमध्ये स्टॅबिलायझर झाले आणि माझ्या हॉलमधला काटा आणखी दहानं खाली आला. पुढे रस्त्याला नवा ट्रान्सफॉर्मर बसला तेव्हा ती टकटक कमी झाली.

30 जुलै 2002 ला पश्चिम विभागाची ग्रीडच कोसळली. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, सगळीकडे अंधार. त्या दिवशी प्रथम आपल्या लोकांच्या लक्षात आलं की आपली तार कुठवर जोडलेली आहे. जून 2005 मध्ये 1960 पासूनच्या जुन्या वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि त्याच सुमारास भारनियमनाची वर्षं सुरू झाली. त्यावर मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी भोगलंय. दहावी-बारावीची आपली अर्धी मुलं इन्व्हर्टरच्या ट्यूबखाली शिकली. तेव्हाचे स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज द्यायचे, त्यामुळे पंखा भुंग्यासारखा गुणगुणायचा. ते गुणगुणणं बंद झालं की मुलं आनंदानं ओरडायची, "लाइट आली!"

तोच क्षण खरा धोक्याचा. लाइट गेल्यानं वस्तू जळत नाहीत, येताना जळतात. लाइट येते तेव्हा एका लाइनीवरचे सगळे फ्रिज, सगळे पंप एकदम चालू होतात. व्होल्टेज आधी दबतं, मग उसळतं. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये गॅसचा दाब अजून समान झालेला नसतो, तशात मोटार फिरायला गेली की अडकते आणि गरम होते. म्हणून तीन मिनिटं थांबायचं. हे मी नोटीस बोर्डावर लिहून लावलं होतं: "लाइट गेली की फ्रिजचं बटन बंद करा, आली की तीन मिनिटांनी लावा." खाली माझी सही, सेक्रेटरी म्हणून. लोक मला भेटले की विचारायचे, "काका, तीन मिनिटं झाली का?"

म्हणजे मला कळत होतं. हे मुद्दाम लिहितोय.

2010 च्या पावसाळ्यात एक नवीनच तक्रार सुरू झाली. लिफ्ट सुरू झाली की बी विंगचे दिवे क्षणभर मंद व्हायचे आणि सी विंगचे त्याच क्षणी थोडे उजळायचे. मी वीज कार्यालयाला पत्रं लिहिली, एकूण चार. दोन वायरमन आले. त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर, मग आमच्या मेन स्विचच्या अलीकडे मीटर लावून पाहिलं. तिन्ही फेज व्यवस्थित. त्यांतला वयानं मोठा वायरमन मला म्हणाला, "साहेब, आमच्याकडून बरोबर येतंय. एक वाढतं आणि एक पडतं म्हणजे न्यूट्रल सैल आहे. तुमच्या खोलीत बघून घ्या."

मी खोलीत बघितलं. मीटर रूम म्हणजे तेव्हा काय होतं हे नवीन लोकांना सांगायला हवं. रंगाचे डबे, क्रिकेटचे स्टंप, गणपतीचं थर्माकोलचं मखर, वॉचमनची गादी आणि कुणाची तरी पंक्चर सायकल, या सगळ्याच्या मागे मेन पॅनल. पॅनलचं झाकण उघडलं तर न्यूट्रलच्या पट्टीवर जिथे केबलचा लग बसतो तिथे पांढरट-हिरवी भुकटी जमलेली आणि वायरचं आवरण बोटभर काळं पडलेलं. केबल ॲल्युमिनियमची, लग आणि पट्टी तांब्याची. हे दोन धातू एकमेकांना लागले आणि त्यात आपली खारी, दमट हवा शिरली की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. सांधा झिजला की तापतो, तापला की फुगतो, थंड झाला की आकसतो, नट आणखी सैल होतो. एमआयडीसीतली हवाही त्याला साथ देते. कारखान्यात असा सांधा दिसला असता तर मी त्याच पाळीत शटडाऊन घेतला असता.

इथे मी झाकण लावलं आणि वहीत लिहिलं, "मेन केबल व न्यूट्रल, पुढील वार्षिक सभेत."

वार्षिक सभेत दुरुस्ती निधीपुढे दोन कामं होती: मीटर रूमची वायरिंग आणि इमारतीचा बाहेरचा रंग, वॉटरप्रूफिंगसह. निधी एकालाच पुरणार होता. वायरिंग कुणाला दिसत नाही, रंग सगळ्यांना दिसतो. शिवाय माझ्या बेडरूमची पश्चिमेची भिंत गळत होती. मी रंगाच्या बाजूनं बोललो. माझं लोक ऐकायचे. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मार्च 2011 मध्ये जपानमध्ये फुकुशिमा घडलं. आपल्याकडे महिनाभर दुसरा विषय नव्हता. भूकंपानं बाहेरून येणारी वीज तुटली, त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले, भट्ट्या थंड ठेवायला वीजच उरली नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या त्याच कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्याच प्रकारातल्या, त्यामुळे गेटवरच्या कट्ट्यावर रोज रात्री चर्चा. केंद्रातली यंत्रसामग्री सुरक्षित आहे का, तिथला बॅकअप किती, तिथली देखभाल कोण बघतं. सगळ्यांत जास्त मीच बोलायचो. कट्ट्यापासून मीटर रूमचा दरवाजा दहा पावलांवर होता.

सप्टेंबरमध्ये गणपती आले. मंडपाला सहा हॅलोजन, शिवाय तोरणं आणि साउंड. मंडपवाल्यानं विचारलं, कुठून लाइन घेऊ? मी म्हटलं, लाल फेजवर लोड कमी आहे, तिथून घे. सगळं एकाच फेजवर.

गौरींच्या दिवशी संध्याकाळची आरती. बहुतेक सगळी घरं खाली मंडपात. घरात चालू काय, तर फ्रिज, देवघरातला झिरोचा बल्ब आणि टीव्ही, तोही बऱ्याच ठिकाणी नुसता रिमोटनं बंद केलेला. आरती निम्म्यात आली असेल. मंडपातले हॅलोजन हळूहळू तांबूस झाले. लोकांना वाटलं, लाइट चालली. मी सहज वर पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या भगभगीत पांढऱ्या झाल्या होत्या. मग वरून फटाफट आवाज आले. मुलांना वाटलं, कुणीतरी फटाके लावले.

मी पळत जाऊन मेन खाली ओढेपर्यंत मिनिटभर गेलं असेल. पॅनलमध्ये न्यूट्रलचा लग जळून गळून पडला होता.

अकरा टीव्ही, सात फ्रिज, चार कॉम्प्युटर, सेट-टॉप बॉक्स आणि मोबाइलचे चार्जर तर मोजलेच नाहीत. ज्यांनी टीव्हीला महागडे स्पाइक गार्ड लावले होते त्यांचे गार्डही काळे झाले. एका घरात पडद्यानं पेट घेतला होता, तो शेजारच्या मुलानं बादलीनं विझवला. माणसं वाचली. लिफ्टला फेज बिघडला की तोडणारा रिले होता, ती तेवढी बंद पडून सुरक्षित राहिली.

बी विंगच्या तळमजल्यावर एक मावशी एकट्या राहायच्या. आता त्या नाहीत. त्यांच्याकडे एक टीव्ही, एक पंखा, दोन दिवे. गिझर नाही, इस्त्रीसुद्धा बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माझं बिल अख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत कमी येतं. मग माझाच टीव्ही कसा जळला? वरच्यांचे एसी चालू होते, त्यांना काही नाही झालं."

मी म्हटलं, "मावशी, लाइनचाच दोष आहे. मी पत्र लिहितो."

त्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे. आपल्या इमारतीत तीन फेज येतात, लाल, पिवळा, निळा, आणि एक न्यूट्रल. कुठल्याही दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात, फेज आणि न्यूट्रलमध्ये 230. एकेका फ्लॅटला एकेक फेज वाटून दिलेला असतो, पण न्यूट्रल मात्र सगळ्यांचा मिळून एकच. प्रत्येक घरातून परत येणारा करंट तिथेच जमतो. तो तुटला की घरं एकमेकांशी ओळीनं जोडली जातात आणि त्यांच्यावर 400 व्होल्ट वाटून पडतात. वाटणी सारखी होत नाही. समजा एका फेजवरच्या घरात 2000 वॅटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या घरात टीव्ही, पंखा, दिवा मिळून 200 वॅट. गिझरवाल्याच्या वाट्याला सुमारे 36 व्होल्ट येतात, त्याचा गिझर नुसता थंड पडतो. टीव्हीवाल्याच्या वाट्याला सुमारे 364. जो कमी वापरतो तो जळतो. मावशींचा फेज पिवळा होता आणि वरच्या एसीवाल्यांचा लाल, मंडपाचाच. म्हणून हॅलोजन विझत आले, एसी नुसते बंद पडले आणि मावशींचा टीव्ही फुटला.

एमसीबी का पडला नाही, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. एमसीबी जास्त करंट ओळखतो, जास्त व्होल्टेज त्याला कळत नाही. आणि स्पाइक गार्डच्या आत जी छोटी चकती असते, जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस शोधलेली, ती वीज चमकली किंवा मोठं यंत्र बंद झालं तर येणारा क्षणाच्या लाखाव्या भागाचा झटका गिळण्यासाठी असते. मिनिटभर 360 व्होल्ट तिला झेपत नाहीत, ती स्वतःच जळते. आपण सगळ्यांनी आपापल्या घराच्या दाराशी पहारेकरी ठेवले होते, आणि चोर वेगळ्याच दारानं आला होता.

आठवड्यानं विशेष सर्वसाधारण सभा झाली. नुकसानभरपाईसाठी वीज कार्यालयावर मोर्चा न्यायचा असा सूर होता. कुणी कोर्टाचं बोललं. मी गप्प होतो. मग आपण बोलावलेल्या लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरनं जळलेला लग सतरंजीवर ठेवला आणि सांगितलं, "हा तुमच्या पॅनलमधला आहे. हा एका दिवसात असा होत नाही. वर्षभर तापतोय." कुणीतरी विचारलं, आधी दिसला नसता का? तेव्हा मी उठलो आणि वही वाचून दाखवली. तारीख, वायरमन काय म्हणाला ते, आणि माझ्या हातानं लिहिलेलं "पुढील वार्षिक सभेत". रंगाच्या ठरावाचंही सांगितलं. भिंतीचंही.

खूप आरडाओरडा झाला. जो झाला तो योग्यच होता. मावशी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आवाज खाली आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुला माहीत होतं." मी हो म्हटलं. मी त्याच सभेत राजीनामा दिला. तो कमिटीनं घेतला, पण काम पूर्ण करून द्यायची अट घातली. ही शिक्षा मला राजीनाम्यापेक्षा बरी वाटली.

कामात काय काय केलं ते नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या कमिटीला उपयोगी पडेल. आपली जुनी मेन केबल साडेतीन कोरची होती. म्हणजे तीन फेज पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल निम्मा. जुना हिशेब असा की तिन्ही फेजवर लोड सारखा असला तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच जात नाही, मग कशाला जाड तार? पण एक तर आपल्यासारख्या इमारतीत लोड कधी सारखा नसतो. दुसरं म्हणजे टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर आणि आताचे एलईडी दिवे तारेतून करंट सलग न ओढता झटक्याझटक्यानं ओढतात. त्यांतला काही भाग तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये वजा व्हायच्या ऐवजी बेरीज होतो. म्हणून आपण चार पूर्ण कोरची केबल घातली. तांबं-ॲल्युमिनियम मिळतं तिथे दोन धातूंचे खास लग बसवले. फ्लॅटचे फेज पुन्हा मोजून वाटले. प्रत्येक विंगच्या लाइनीवर व्होल्टेज ठरल्यापेक्षा कमी-जास्त झालं की लाइन तोडणारा रिले लावला. अर्थिंगचे दोन नवे खड्डे घेतले. आपली जमीन ओलसर आणि खारी, त्यामुळे अर्थ चांगलं मिळतं, पण त्याच खारेपणानं लोखंडी पट्टी लवकर खाल्ली जाते. जुनी पट्टी उकरली तेव्हा पापडासारखी मोडली. वाळवून बघायचा मोह झाला तरी अर्थिंगच्या खड्ड्यावर पार्किंग करू नका, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घाला.

मीटर रूममधलं सामान बाहेर काढताना सगळ्यांत जास्त भांडण सायकलवरून झालं. ती कुणाची हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

दर फ्लॅटला जी वर्गणी आली ती एका बऱ्यापैकी स्टॅबिलायझरच्या किमतीएवढी होती. पहिली वर्गणी मावशींनी आणून दिली, रोख, पाकिटात. त्यांना सोसायटीनं टीव्ही घेऊन दिला. त्यात माझा वाटा किती ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतरच्या दोन आठवणी सांगतो. 5 एप्रिल 2020 ला, लॉकडाऊनमध्ये, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचं देशभर ठरलं. राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनीच एकदम सगळे दिवे बंद करू नका असं आवाहन केलं होतं, त्यामुळे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपासून घबराट. फ्रिज बंद करू का? मेन पाडू का? मी लिहिलं, फ्रिज चालू ठेवा, पंखे चालू ठेवा, फक्त दिवे घालवा. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटनं खाली आली आणि पुन्हा वर गेली. जलविद्युत केंद्रांनी ते सांभाळलं, ग्रीडची फ्रीक्वेन्सी 49.7 ते 50.26 च्या आत राहिली. मी तेव्हा मीटर रूममध्ये टॉर्च घेऊन उभा होतो. काटा हललासुद्धा नाही.

दुसरी आठवण पुढच्या वर्षीची. मे 2021, कोरोनाची दुसरी लाट, आणि 17 तारखेला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं. खांब पडले, झाडं तारांवर पडली. सी विंगमध्ये एका घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू होता. लाइट गेल्यावर ते सिलिंडरवर आले. सिलिंडर किती तास पुरेल हे सगळ्यांना माहीत होतं. तीन घरांनी आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उचलून त्यांच्याकडे नेल्या. लाइट परत आली तेव्हा आपण मेन लगेच चढवला नाही. वीस मिनिटं काटा स्थिर आहे का ते पाहिलं. मग आधी सी विंग, पाच मिनिटांनी बी, मग ए, मग लिफ्ट आणि पंप. ए विंगमधून एकाही माणसानं फोन करून "आमचं कधी?" विचारलं नाही. मशिन सुरू झाल्याचा त्यांचा मेसेज पहाटे ग्रुपवर आला.

आता पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जर आलेत, गच्चीवर सोलरचं चाललंय. दोन्हींचा ताण न्यूट्रलवर कसा येईल हे आधी मोजून घ्या, एवढं मी नवीन कमिटीला लिहून दिलंय. चार्जर सगळे एकाच फेजवर घेऊ नका.

2011 नंतर दर दसऱ्याला सकाळी मीटर रूमची पूजा होते. मेन बंद करून, कॉन्ट्रॅक्टरला बोलावून पॅनल उघडायचं, साफ करायचं, प्रत्येक लग तपासायचा, तापल्याच्या खुणा बघायच्या, मग पाना आणि टेस्टर पाटावर ठेवून हळदकुंकू, झेंडू. हळदकुंकवाची कोयरी पाच वर्षं मावशी आणायच्या. नंतर ती त्यांच्या मुलीनं सोसायटीकडेच ठेवून दिली. ती पॅनलशेजारच्या कोनाड्यात आहे. तपासणीची वही तिच्या खाली असते. गेल्या दसऱ्याला सी विंगचा न्यूट्रलचा नट पाव फेरा फिरला, बाकी सगळे घट्ट निघाले. तशी नोंद केली आहे. मीटर रूमची एक चावी वॉचमनकडे आणि एक माझ्याकडे असते. माझी ज्यांना हवी असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर यावं.